शौर्याचं कौतुक पुरे, पेन्शनचं बोला

2019 च्या नोव्हेंबरात पोखऱ्याला गेलो होतो. ज्या घरी उतरलो तिथे दोन म्हातारे भाऊ होते, दोघेही लाहुरे. नेपाळात परक्या सैन्यात नोकरी केलेल्याला लाहुरे म्हणतात. इथली पोरं महाराजा रणजितसिंहांच्या फौजेत भरती व्हायला लाहोरला जायची, तेव्हापासूनचा हा शब्द. थोरला भाऊ इंग्रजांच्या पलटणीत होता, धाकटा आपल्या. घरातले सगळे त्यांना ठूलो बाजे (थोरले आजोबा) आणि सानो बाजे (धाकटे आजोबा) म्हणायचे, म्हणून मीही तसंच म्हणू लागलो.

त्या दिवशी सकाळी सानो बाजे तयार होऊन बसले होते. कोट, डोक्यावर ढाका टोपी, छातीवर मेडल्स. हयातीचा दाखला द्यायला निघाले होते. पोखऱ्यात आपल्या सैन्याचं पेन्शन कार्यालय आहे, तसंच काठमांडूत आणि धरानलाही. कागद प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवीला दोन रबरबँड, आणि डिस्चार्ज बुकाची पानं घडीवर फाटू नयेत म्हणून सेलोटेप लावलेला. 1971 च्या डिसेंबरात, बांगलादेशच्या युद्धात, सिल्हटजवळ हेलिकॉप्टरनं उतरलेल्या 4/5 गोरखा रायफल्समध्ये ते होते. त्याबद्दल फार बोलले नाहीत. "खूप थंडी होती," एवढंच म्हणाले.

ठूलो बाजे ओसरीवर भिंतीला टेकून बसून होते. ते मलायात आणि बोर्निओच्या जंगलात लढले. 1966 ला बोर्निओतला संघर्ष संपला, ब्रिटननं गोरखा पलटणी कमी केल्या आणि हजारो जवान घरी आले. पेन्शनला पंधरा वर्षं लागत, यांची अकरा झाली होती. अशाच लोकांसाठी 1969 मध्ये गुरखा वेल्फेअर ट्रस्ट नावाची धर्मादाय संस्था निघाली, तिच्याकडून त्यांना महिन्याला पैसे मिळत होते. त्या संस्थेबद्दल ते आदरानंच बोलले. मग भावाच्या पिशवीकडे बघत म्हणाले, "भाईला पेन्शन येतं. मला मदत येते."

ते वाक्य अजून माझ्या कानातून जात नाही.

गोरख्यांचं कौतुक करण्यात जगानं कधी हात आखडता घेतला नाही. शूर, इमानी, काटक, जन्मजात लढवय्ये. मला हल्ली या कौतुकाचीच चीड येते. माणूस जन्मजात लढवय्या ठरला की तो जणू हौसेनंच मरायला येतो, मग त्याला कमी दिलं तरी कुणाला बोचत नाही. तुल बहादूर पुन यांचंच बघा. 1944 मध्ये ब्रह्मदेशात मोगाँगला एकट्यानं शत्रूच्या ठाण्यावर चालून गेले, व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. म्हातारपणी उपचारांसाठी ब्रिटनमध्ये राहायची परवानगी मागितली तेव्हा 2006 मध्ये उत्तर आलं की तुमचे ब्रिटनशी पुरेसे घनिष्ठ संबंध दिसत नाहीत. मोठी ओरड झाली तेव्हा कुठे पुढच्या वर्षी व्हिसा मिळाला. 1997 पूर्वी निवृत्त झालेल्या बाकीच्यांना तिथे स्थायिक होण्याचा हक्क मिळायला 2009 साल उजाडलं, तेही संसदेत सरकारचा 267 विरुद्ध 246 मतांनी पराभव झाल्यावर.

पेन्शनचा प्रश्न अजून सुटलेला नाही. जुन्या ब्रिटिश गोरख्यांचं पेन्शन 1947 नंतर भारतीय सैन्याच्या दरांना बांधलं गेलं. कारण काय, तर हे नेपाळात जाऊन राहणार, तिथे स्वस्ताई. सरकारची बाजूही सांगतो: गोरख्यांना पंधरा वर्षांत पेन्शन सुरू व्हायचं, ब्रिटिश शिपायाला बावीस वर्षं थांबावं लागायचं. 2016 मध्ये युरोपच्या मानवाधिकार न्यायालयानंही गोरख्यांचं म्हणणं मान्य केलं नाही. कायद्यानं ते हरले, मान्य. तरी 2021 च्या ऑगस्टमध्ये माजी सैनिक ब्रिटिश पंतप्रधानांच्या घरासमोर तेरा दिवस उपाशी बसले. पेन्शनसाठी सैनिकाला उपोषण करावं लागतं, यावर कुठल्याच निकालाचं पांघरूण घालता येत नाही.

आता आपल्याकडे. इथे मला आधी अभिमानानं काही सांगायचं आहे. 9 नोव्हेंबर 1947 ला नेपाळ, भारत आणि ब्रिटन यांच्यात गोरखा पलटणींबाबत करार झाला. दहा गोरखा रेजिमेंटांपैकी सहा आपल्याकडे आल्या, अकरावी आपण 1948 ला पुन्हा उभी केली. त्या वेळी नेपाळचे पंतप्रधान पद्म शमशेर यांनी आग्रह धरला होता की बढती, कल्याण, सोयी या सगळ्यांत गोरख्यांना त्या त्या सैन्यातल्या इतरांसारखंच वागवा, म्हणजे भाडोत्री सैनिक हा कलंक कायमचा पुसला जाईल. आपण ते पाळलं. पगार तोच, पेन्शन तेच, वेतन आयोग आला की त्यांचंही वाढतं. लष्करी अधिकारी घडवणाऱ्या एनडीएच्या (राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या) परीक्षेला भारतीय नागरिकाबरोबर नेपाळी प्रजाजनही बसू शकतो. (आणि तरी आपल्या बोलण्यात गुरखा म्हणजे शिट्टी वाजवणारा रात्रीचा वॉचमन. याची मला खरंच लाज वाटते.)

जून 2022 मध्ये सैन्यभरतीची अग्निपथ योजना आली. चार वर्षांची नोकरी, शंभरातले पंचवीस जवान पुढे कायम, बाकीच्यांना साधारण पावणेबारा लाख रुपये आणि पेन्शन नाही. हीच योजना नेपाळी भरतीलाही लागू केली. बुटवल आणि धरानला भरती होणार होती, ऑगस्टमध्ये नेपाळ सरकारनं ती थांबवायला सांगितलं. त्याआधी कोविडमुळे बंदच होती. म्हणजे 2020 पासून नेपाळातून एकही नवा गोरखा आपल्या सैन्यात आलेला नाही.

"आपल्या पोरांना जे, तेच त्यांना, मग अन्याय कुठला?" हा प्रश्न मला मित्रांनीच विचारला आहे. वरवर बिनतोड वाटतो. पण आपला अग्निवीर परत येतो तो आपल्याच देशात. राज्यांनी पोलीस भरतीची वगैरे जी आश्वासनं दिली आहेत, ती आपापल्या रहिवाशांना दिली आहेत. नेपाळातल्या म्याग्दीच्या डोंगरात परतणाऱ्या पंचविशीतल्या पोराला त्यांचा काय उपयोग? लाहुऱ्याचं सगळं गणित पेन्शनवर उभं होतं. सानो बाजेंच्या पेन्शनमधून दोन मुली शिकल्या, घरावर स्लॅब पडला, भावाची औषधं आली. आणि करारातला दुसरा पक्ष एक देश आहे. त्याच्याशी नीट बोलून, पटवून मग बदल करायचा असतो.

घरातला नातू तेव्हा सोळाचा होता. पहाटे अंधारात डोको घेऊन चढ पळायचा. डोको म्हणजे कपाळावर पट्टा अडकवून पाठीवर घ्यायची बांबूची टोपली. ब्रिटिशांच्या भरतीत ती वाळूनं भरून पळवतात, पण हा तयारी दोन्हीकडची करायचा. परत आला की कपाळावर पट्ट्याचा लाल वळ असायचा. भरती उघडायची वाट बघता बघता एकविसाव्या वर्षाची अट ओलांडून गेला. त्याच्याच वयाची कितीतरी पोरं रशियाच्या सैन्यात गेली, काही युक्रेनमध्ये मेली, शेवटी जानेवारी 2024 मध्ये नेपाळनं तिकडचे कामाचे परवाने थांबवले. हा त्या वाटेनं गेला नाही. कतारमध्ये, दोह्यात एका इमारतीच्या दारावर सिक्युरिटीत आहे.

माझं म्हणणं एवढंच आहे: आपण नेपाळबरोबर बसावं, 1947 चा तो कागद समोर ठेवावा आणि नेपाळातून येणाऱ्या जवानासाठी पूर्ण मुदतीची, पेन्शनची भरती पुन्हा सुरू करावी. यात किती खर्च येईल ते मोजा, जरूर मोजा. सत्तर वर्षं तो आपण कुरकुर न करता केला आहे.

ठूलो बाजे गेले. सानो बाजेंचे गुडघे आता चालत नाहीत. हयातीच्या दाखल्यासाठी त्यांना धरून न्यावं लागतं, आणि घरात धरून न्यायला तरुण माणूस उरलेला नाही.