नुसता बालाजी

देगलूर तालुक्यातल्या आमच्या गावात "ए बालाजी!" अशी मोकळी हाक कुणी मारत नाही. मारली की पारावरची निम्मी माणसं उठतात. तेलंगणाची हद्द जवळ, तिरुपतीला नवस बोलायची चाल जुनी. देव पावला की पोराचं नाव ठरलेलं. आमच्याकडं देव लई पावलाय. (पैठणकडं आपेगावामुळं ज्ञानेश्वर आणि हिंगोलीकडं नरसीमुळं नामदेव उदंड असतील. त्यांचं त्यांनी लिहावं.)

गावाचंही तेच. एक बुद्रुक, एक खुर्द. फारसीत एक मोठं, एक लहान. आमचं खुर्द, म्हणून निम्मी टपालं बुद्रुकला जाऊन येतात.

गावानं यावर तोड काढली: गिरणीवाला बालाजी, टमटमवाला बालाजी, बोअरवाला बालाजी. मी कुठलाच धंदा धड केला नाही, म्हणून नुसता बालाजी. त्यामुळं ज्याचा मालक सापडत नाही तो कागद माझ्या दारात. थकलेलं वीजबिल माझं, सोसायटीची नोटीस माझी. एकदा तर मुलगी बघायला पाहुणे आले. मला मुलगीच नाही. चहा मात्र मीच पाजला.

खरी आफत बँकेत झाली. टमटमवाल्याच्या बापाचंही नाव मारोती, आडनावही एकच. कुणीतरी त्याच्या खात्याला माझा मोबाइल नंबर जोडला. अतिवृष्टीचं अनुदान 6,800 जमा झाल्याचा मेसेज मला आला. मी पेढे आणले. पेढे खाऊन झाल्यावर कळलं, पैसे त्याचे.

मग रोज मेसेज. बाजाराच्या दिवशी 500 काढले, रात्री नऊला आणखी 300. आठवड्यात त्याच्या बायकोला सुगावा लागला. सकाळी उठून मी दात घासतोय, तोवर वहिनी ओट्यावर.

"भाऊजी, काल किती काढले?"

"आठशे."

"मला तर म्हणले, टमटमचं टायर घेतलं!"

त्या दिवसापासून टमटमवाला मला बघितलं की हॉर्न दाबून धरतो.

शेवटी दोघं मिळून बँकेत गेलो. साहेब म्हणाले, "आईचं नाव सांगा, लगेच फरक कळेल." 1 मे 2024 पासून जन्मलेल्या लेकरांच्या नावात सरकारनंच आईचं नाव घातलंय, म्हणजे उपाय चांगलाच असणार. मी म्हणालो, "लक्ष्मीबाई." टमटमवाला म्हणाला, "माझी बी लक्ष्मीबाईच." साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

अंगठे टेकवल्यावर निघालं एकदाचं. नंबर बदलला. दुसऱ्या दिवशी वहिनी आल्या, माझ्या मोबाइलकडं बघितलं आणि म्हणाल्या, "कामून बदलला भाऊजी? चांगलं चाललं होतं की."

तेव्हापासून गावानं मला नाव दिलंय, मेसेजवाला बालाजी. परवा पोस्टमन दारात उभा राहिला, हातात कुणाची तरी नोटीस. मी म्हणालो, "मी मेसेजवाला. नुसता बालाजी आता शाळेतला नवा शिपाई."