क्रांतिकारक पोरगी: साहित्य आणि कृती

कोल्हापुरात बसून उद्ध्वस्त भविष्याची कादंबरी लिहायला घेतली असेल, तर आधी नायिकेचं वय ठरवून टाका. सोळा. पंधरा नको, अठरा तर नकोच. २००८ च्या 'हंगर गेम्स'मधली कॅटनिस सोळाची, २०११ च्या 'डायव्हर्जंट'मधली ट्रिस सोळाची, आणि दोघीही आपली गोष्ट स्वतःच वर्तमानकाळात सांगतात. मी धावते, मी थांबते, मला रक्त दिसतं. तुम्हीही तेच करा. पुढच्या मिनिटाला काय होणार हे जिला माहीत नाही तिला बेत आखावा लागत नाही, आणि तिने नाही आखला म्हणजे तुमचीही सुटका.

सोळाव्या वर्षी सरकार एक परीक्षा घेतं आणि पोरांची कायमची गटवारी करून टाकतं, एवढी सोय कथानकात हवी. ट्रिसच्या शहरात असे पाच गट आहेत. तुम्ही तीनच ठेवलेत तर वाचकाला सायन्स, कॉमर्स, आर्ट्स आठवेल आणि घाबरायचं सोडून तो कट-ऑफ विचारेल. नायिका कुठल्याच गटात बसत नाही, हा तिचा मुख्य गुण. आपण कुणी विशेष आहोत याचा तिला पत्ता नसतो, हा दुसरा. हा दुसरा शेवटच्या पानापर्यंत टिकवायचा असतो, मग तोवर अर्ध्या राज्याने तिचं चित्र भिंतीवर काढलेलं का असेना.

रूपाचं काम तिसऱ्या पानाच्या आत उरका. आपण दिसायला साध्याच आहोत हे तिने स्वतः सांगायचं, आणि दहाव्या पानापर्यंत दोन पोरांनी तिच्यावर जीव टाकायचा. आरशावर बंदी असेल तर तिला पाण्यात तोंड बघायला लावा. रंकाळा हाताशी आहेच, फक्त जलपर्णी वाढलेल्या महिन्यात हा प्रसंग घेऊ नका. हिरव्या पानांत तिला काहीच दिसणार नाही आणि वर्णन राहून जाईल.

आता घर. बाप मेलेला हवा आणि मरण्याआधी त्याने तिला एक हत्यार शिकवलेलं हवं. धाकटं भावंड बारा वर्षांचं, जमल्यास खोकणारं. आई जिवंत, पण दुःखाने निकामी झालेली, दिवसभर भिंतीकडे बघत बसणारी. आईचं प्रमाण इथे फार सांभाळावं लागतं. ती जराशी शुद्धीवर आली की डबा करून देते, आणि डबा सोबत असलेली पोरगी उपासमारीविरुद्ध बंड कशी करणार? आईला आवरलंत तरी आत्या, काकी, मावशी उरतातच. त्या सगळ्या पहिल्या प्रकरणाआधी एखाद्या साथीत घालवा. नाहीतर नायिका पोरकी झाल्याच्या दुसऱ्या दिवशी तिला कुणी ठेवून घ्यायचं यावर भाऊबंदकी सुरू होईल आणि क्रांती लांबेल.

सगळ्यात जास्त मेहनत पहाटेच्या प्रसंगाला लागते. नियम असा, की नायिका अंधारात एकटीच निघते, कुंपणाच्या फटीतून पलीकडे जाते आणि कुणाला कळत नाही. पेठेत हे करून बघा. पाच वाजता ती गंगावेशीत पोचते, तर दूधकट्ट्यावर म्हशी आधीच उभ्या. चरवीत धार पडतेय, फेसाळ पेला हातात घेऊन चार माणसं उभी आहेत, दोन पोरं तालमीतून येऊन घाम पुसतायत. "काय गं, एवढ्या पहाटं कुठं निघालीस? सांगू काय घरी?" नायिका काहीही बोलली तरी सात वाजेपर्यंत ते महाद्वार रोडवर पोचलेलं असतं. राजवटीने भिंतीभिंतीवर कॅमेरे लावले तरी याच्यापुढे काही नाही. उपाय एकच. शहर सहाव्या ओळीतच बेचिराख करा आणि म्हशींचं काय झालं ते सांगू नका.

हत्यार म्हणून धनुष्यबाण आता फार झाला, मग स्थानिक काही घ्यावं असं वाटेल आणि हात दांडपट्ट्याकडे जाईल. जरा थांबा. दांडपट्ट्याचं पातं लांब, लवचिक आणि दुधारी. मूठ लोखंडी हातमोज्याच्या आत, तो थेट कोपराकडे जातो, त्यामुळे मनगट वळतच नाही. वार येतो खांद्यातून आणि कमरेतून, सगळं अंग फिरवून. म्हणजे चहूबाजूंनी मोकळं मैदान पाहिजे. अंधाऱ्या बोळात तिने पहिला फेर घेतला की पातं भिंतीला लागणार आणि शिपाई तिला आरामात धरून नेणार. त्याहून मोठी अडचण अशी, की मर्दानी खेळ एकटीने जंगलात शिकत नाहीत. आखाडा असतो, वस्ताद असतो, शेजारी आणखी पंधरा पोरी तेच हात करत असतात आणि त्यांतल्या चौघी हिच्यापेक्षा सरस असतात. एकमेव कोण, हे मग तुम्ही कसं ठरवणार?

दोन पोरांचं थोडक्यात सांगतो. एक रांगडा बालमित्र, एक हळवा. रांगडा पैलवान करू नका. तो रात्री नऊला झोपतो, चारला उठून जोर-बैठका मारतो, आणि प्रेमत्रिकोणाचं वस्तादांच्या कानावर गेलं तर तो त्रिकोण तिथेच संपतो.

कथा पावसाळ्यातही ठेवू नका. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांना इशारा पातळी गाठते आणि ४३ ला धोका, हे इथे शेंबडं पोरगंही सांगतं. नायिकेला एकटीलाच संकटाची चाहूल लागायला हवी, आणि इथे राधानगरीचा स्वयंचलित दरवाजा उघडला की अख्खं गाव आकडे मोजत बसतं. पुढे चिखली-आंबेवाडीकडे ट्रॅक्टर निघतात, मंडळाची पोरं नावा काढतात, कुणीतरी हजारभर पोळ्या लाटायला घेतं. इतकी माणसं आपणहून कामाला लागल्यावर नायिकेने एकटीने वाचवायचं कुणाला? म्हणून एप्रिल-मे बरा.

शेवटाकडे एक धोका आहे आणि तो कावळा नाक्यावर घोड्यावर बसलेला आहे. ताराराणींचं नाव कुणीतरी सुचवणारच. नम्रपणे नकार द्या. १७०० साली राजाराम महाराज गेले तेव्हा त्या पंचविशीच्या, पदरी मुलगा. पुढची सात वर्षं औरंगजेबाशी लढताना किल्ले, रसद, वसुली सगळं त्यांनी बघितलं, आणि गादी आपल्या मुलाला हवी हे लपवलं नाही. आपल्या नायिकेला काहीही हवं असून चालत नाही. तिच्यावर सगळं येऊन पडायला पाहिजे. शिवाय १७१४ मध्ये राजवाड्यातल्याच लोकांनी ताराराणींना मुलासह पन्हाळ्यावर कैदेत टाकलं, तरी त्या संपल्या नाहीत. १७५० मध्ये, पंचाहत्तरीत, साताऱ्याला त्यांनी छत्रपतींनाच नजरकैदेत ठेवलं. असलं पात्र उपसंहारात मावत नाही.

तुमची नायिका जुलमी राजवट पाडून झाली की लगेच दमली पाहिजे. नव्या सरकारात तिला पद देऊ केलं जातं, ती नको म्हणते. मग एक कोरं पान सोडा, 'पंधरा वर्षांनंतर' लिहा, कुरण दाखवा, दोन मुलं खेळताना दाखवा, हळव्या पोराला चुलीपाशी बसवा. खातेवाटपाच्या बैठकीजवळ तिला फिरकू देऊ नका. तिने तिथे बसून महसूल मागितला तर चौथा भाग लिहावा लागेल, आणि प्रकाशकाचा करार तीन भागांचाच असतो.