चमकलं म्हणजे सापडलं?

"प्रोटीनला जीएफपी जोडलंय ना? मग अँटिबॉडी कशाला! चमकलं तर प्रोटीन आहे, नाही चमकलं तर नाही. आणि लागलीच, तर अँटी-जीएफपी कुठल्याही रंगाला चालते." नव्या संशोधक विद्यार्थ्यांना हा सल्ला हमखास मिळतो. तो पाळू नका. (जीएफपी म्हणजे जेलीफिशमधलं हिरवं चमकणारं प्रोटीन, आपल्या प्रोटीनला ते खूण म्हणून जोडतात. अँटी-जीएफपी म्हणजे त्याला ओळखून चिकटणारी अँटिबॉडी.)

पहिलं, "चमकलं तर आहे". मायक्रोस्कोपखाली दिसते ती जीएफपीची चमक. तुमचं प्रोटीन त्याला अजून जोडलेलं आहे की नाही, हे तिच्यावरून कळत नाही. पेशीतल्या प्रोटिएजनी, म्हणजे प्रोटीन कापणाऱ्या एन्झाइमनी, मधला जोड तोडला तरी सुटं जीएफपी चमकतच राहतं, कारण त्याची पिंपासारखी घडी फार चिवट असते. हे उघड होतं वेस्टर्न ब्लॉटवर, म्हणजे प्रोटीनं जेलवर आकारानुसार वेगळी करून अँटिबॉडीने शोधतात तेव्हा. समजा प्रोटीन ५० किलोडाल्टनचं (हे प्रोटीनच्या वजनाचं एकक), जीएफपी २७ चं, म्हणजे बँड (ब्लॉटवरची पट्टी) ७७ च्या आसपास हवा. तो फिका आणि २७ चा ठळक असेल, तर पेशीभर पसरलेला तो हिरवा रंग बहुतांशी सुट्या जीएफपीचा आहे. त्यावरून प्रोटीनचं स्थान ठरवलंत, तर पुढचे सगळे प्रयोग चुकीच्या पायावर उभे राहतील. निव्वळ जीएफपीचा आणि काहीच न घातलेल्या पेशींचा लायसेट (पेशी फोडून मिळालेला द्राव) त्याच जेलवर चालवाच.

"नाही चमकलं तर नाही" हेही खोटं. क्रोमोफोर, म्हणजे जीएफपीतला प्रत्यक्ष चमकणारा भाग, तयार व्हायला वेळ आणि ऑक्सिजन लागतो. लायसोसोमच्या (पेशीतल्या कचरा पचवणाऱ्या पिशव्यांच्या) आम्लात ईजीएफपी हे जीएफपीचं सुधारित रूप मंदावतं, मिथेनॉलने फिक्स केल्यावर (पेशी आहे तशी टिकवल्यावर) चमक बरीच जाते, एसडीएस या घडी उलगडणाऱ्या डिटर्जंटमध्ये उकळल्यावर तर उरतच नाही. अँटिबॉडी चमक ओळखत नाही, अमिनो आम्लांची रचना ओळखते. म्हणून विझलेलं जीएफपीही सापडतं. (दुय्यम अँटिबॉडी, म्हणजे पहिल्या अँटिबॉडीला चिकटणारी रंगीत अँटिबॉडी, मात्र हिरव्या रंगाची घेऊ नका, दोन्ही सिग्नल एकमेकांत मिसळतील.) काही अँटिबॉडींना फक्त घडी शाबूत असलेलं जीएफपी कळतं, ब्लॉटवर त्यांचा उपयोग नाही.

राहिला रंगांचा प्रश्न. पिवळं वायएफपी, निळसर सीएफपी ही मोजकी अमिनो आम्लं बदललेली जीएफपीच, त्यामुळे तिथे बहुतेक अँटी-जीएफपी चालतात. त्याच कारणाने एका पेशीत दोन्ही असतील तर या अँटिबॉडी ती वेगळी ओळखू शकत नाहीत. एमचेरी या लाल चमकणाऱ्या प्रोटीनचं मूळ मात्र जेलीफिशमध्ये नाही, डिस्कोसोमा या प्रवाळांच्या नातलगात आहे. तिला स्वतःचीच अँटिबॉडी लागते. आणि नमुना उकळला की एमचेरी क्रोमोफोरपाशी तुटते, ब्लॉटवर लहान बँड येतात. पेशीत प्रोटीन तुटतंय असं लिहून टाकण्याआधी तोच नमुना न उकळता चालवून पाहा.