सीलंटचे दहा हात दिल्याने गाडीवर दहापट कवच चढत नाही

गाडी बाळगणाऱ्यांमध्ये सध्या एक संदेश हातोहात फिरतो आहे. त्यात म्हटले आहे की, रंगावर लावायच्या सीलंटचे, म्हणजे रंग जपणाऱ्या पातळ लेपाचे, घरच्या घरी लागोपाठ दहा थर दिले तर थरागणिक कवच जाड होत जाते आणि रंगाला ‘९ एच’ इतका कडकपणा येऊन ओरखडे पडायचे थांबतात. हे थर उन्हात द्यावेत म्हणजे ते भाजून पक्के होतात, पाण्याचे मोती होत आहेत तोवर संरक्षण शाबूत आहे असे समजावे, आणि एवढे केल्यावर गाडी धुण्याची गरज उरत नाही, रोज सकाळी कोरडे कापड फिरवले की पुरे, असेही त्यात सांगितले आहे. मी स्वतःची गाडी अनेक वर्षे स्वतःच्या हाताने धुतो, पॉलिश करतो आणि तिला सीलंट लावतो. सीलंट ही उपयोगाची वस्तू आहे याविषयी माझ्या मनात शंका नाही. पण या संदेशातले बहुतेक दावे चुकीचे आहेत, आणि शेवटचा सल्ला तर रंगाची हानी करणारा आहे.

जाडीचा दावा सर्वांत आधी तपासला पाहिजे, कारण बाकीचे दावे त्याच्यावरच उभे आहेत. आपल्या मनात थर म्हटले की भिंतीचा रंग येतो. भिंतीला एक हात दिला, तो वाळला, त्यावर दुसरा हात दिला, की दुसरा पहिल्यावर बसतो आणि दोन्ही तिथेच राहतात. सीलंटचे तसे नाही. सीलंट लावतात, ते थोडे धुरकट होऊ देतात आणि मग स्वच्छ कापडाने पुसून काढतात. म्हणजे लावलेल्यापैकी बहुतांश भाग कापडावर जातो आणि रंगाशी प्रत्यक्ष चिकटलेला अत्यंत पातळ पापुद्रा तेवढा मागे उरतो. पुसून काढणे हा ज्या कामाचा भागच आहे, त्याची जाडी भिंतीच्या हिशेबाने मोजता येत नाही.

हा हिशेब कोणालाही घरी करून पाहता येईल. मध्यम आकाराच्या गाडीला एका हातासाठी फार तर ३० मिलिलिटर सीलंट लागते. रंगवलेला पृष्ठभाग ढोबळमानाने १० चौरस मीटर धरला आणि एक थेंबही पुसला नाही असे मानले, तरी त्या ओल्या थराची जाडी ३ मायक्रॉन भरते (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). त्यातले द्रावक उडून जाते, उरलेल्यातले बरेचसे कापड टिपून घेते, आणि शेवटी गाडीवर राहते ते एका मायक्रॉनपेक्षाही कमी. कारखान्यातून आलेल्या गाडीवर प्रायमर, रंग आणि वरचा पारदर्शक क्लिअर कोट मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन जाडी असते, त्यात एकट्या क्लिअर कोटची ३५ ते ५० मायक्रॉन. दगडांच्या माऱ्यापासून वाचवण्यासाठी जी पारदर्शक पॉलियुरेथेनची फिल्म चिकटवतात, ती दीडशे ते दोनशे मायक्रॉन जाड असते. दहाही हात एकावर एक बसले असे क्षणभर मानले, तरी ती बेरीज या आकड्यांच्या जवळपासही पोहोचत नाही.

प्रत्यक्षात ते एकावर एक बसतही नाहीत, आणि त्याची दोन कारणे आहेत. पॉलिमर सीलंटमध्ये सिलिकोनचे असे रेणू असतात की ज्यांचे एक टोक रंगाच्या पृष्ठभागाला धरते. धरण्याजोग्या जागा एकदा भरल्या की पुढच्या हातातल्या रेणूंना पकड मिळत नाही, कारण जो पृष्ठभाग आता पाण्याला चिकटू देत नाही, तो वरून आलेल्या नव्या सीलंटलाही सहजासहजी चिकटू देत नाही. दुसरे कारण द्रावकाचे आहे. पहिला हात पुरता मुरण्याआधी दुसरा हात दिला, तर नव्या सीलंटमधले द्रावक जुना थर सैल करते आणि कापडाबरोबर तोही निघून येतो. नियमित काम करणाऱ्यांना याचा पुरावा रोज दिसतो. पुसताना कुठे सीलंटचा डाग वाळून राहिला, तर त्यावरचा सर्वमान्य उपाय म्हणजे त्याच जागी ताजे सीलंट चोळून लगेच पुसणे. डाग त्याने विरघळतो म्हणूनच तो निघतो. एका दुपारी अर्ध्या-अर्ध्या तासाने दिलेले दहा हात हेच काम दहा वेळा करत असतात.

संदेशासोबत काही जण जाडी मोजण्याच्या यंत्राचे छायाचित्रही जोडतात, ज्यात थर दिल्यावर आकडा पाच-सहा मायक्रॉनने वाढलेला दिसतो. हे यंत्र बॉनेटवर दोन बोटे इकडचे तिकडे सरकवले तरी आकडा तेवढा बदलतो, कारण कारखान्यातला रंगही सर्वत्र सारखा जाड नसतो. ही हाताळायची यंत्रे एका मायक्रॉनच्या आतला फरक खात्रीने दाखवण्यासाठी बनवलेली नसतात. त्या छायाचित्रातून कळते ते एवढेच, की दुसऱ्या वेळी यंत्र किंचित वेगळ्या जागी टेकवले गेले.

मी स्वतः एकदा बॉनेटच्या मधोमध मास्किंग टेप लावून दोन भाग केले होते. दोन्ही भाग सारखेच धुतले, क्ले बारने, म्हणजे रंगाला चिकटलेला मळ ओढून काढणाऱ्या मातीसारख्या मऊ वडीने, साफ केले आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसले. डाव्या भागाला एका दिवसाच्या अंतराने दोन हात दिले, उजव्याला त्याच अंतराने सहा. टेप काढल्यावर बॅटरीच्या प्रकाशात मी बराच वेळ सीमारेषा शोधत होतो आणि ती मला सापडली नाही. पुढचे काही महिने प्रत्येक धुण्याच्या वेळी मी दोन्ही बाजूंचे थेंब पाहत राहिलो. थेंब पसरट होऊ लागले तेव्हा दोन्हीकडचे एकाच सुमारास झाले. एका बॉनेटवरून सिद्धांत मांडता येत नाही हे मला मान्य आहे, परंतु जे तर्काने अपेक्षित होते तेच डोळ्यांनी दिसले.

दुसरा हात मात्र निरर्थक नाही, आणि संदेशात खरे बोलणारा भाग असेल तर तो एवढाच. पहिल्या हातात काही ना काही सुटतेच. आरशाच्या खालची बाजू, दरवाजाच्या मुठीमागची खोबण, टपाचा मधला पट्टा जिथे हात पुरत नाही, अशा जागा दुसऱ्या वेळी भरून निघतात. त्यासाठी मध्ये बाटलीवर सांगितलेला वेळ, बहुधा १२ ते २४ तास, गाडी कोरडी ठेवावी लागते. म्हणजे दुसरा हात उणीव भरून काढण्यासाठी असतो. तिसऱ्या हातापासून पुढे तुम्ही मुख्यतः बाटली रिकामी करत असता.

आता ‘९ एच’. हा आकडा ज्या चाचणीतून येतो ती पेन्सिलची चाचणी आहे. वेगवेगळ्या कडकपणाच्या पेन्सिली ४५ अंशांत टेकवून रंगावरून ढकलतात, आणि कोणत्या पेन्सिलीने चरा पडत नाही ते नोंदवतात. ९ एच ही त्या मालिकेतली सर्वांत कडक पेन्सिल. म्हणजे ९ एच याचा अर्थ थर ग्रॅफाइट आणि माती यांच्या मिश्रणाच्या कांडीपुढे टिकला, एवढाच होतो. पुष्कळ जण या नऊचा घोटाळा मोस यांच्या खनिजांच्या मापनश्रेणीशी करतात, जिच्यात हिरा दहावर आणि कुरुंद नऊवर आहे. त्याच श्रेणीत क्वार्ट्झ सातवर आहे, आणि रस्त्यावरच्या धुळीत, वाळूत क्वार्ट्झचेच कण भरलेले असतात. पेन्सिलीतल्या कांडीच्या मानाने हे कण कितीतरी कठीण असतात. शिवाय ९ एच हा दावा मुळात सिरॅमिक कोटिंग या सीलंटहून कडक लेपाच्या जाहिरातींतून आला आहे. साधे पॉलिमर सीलंट तर त्याहून मऊ असते. आणि थर कितीही कडक असला तरी त्याच्याखाली मऊ क्लिअर कोट आहे. गादीवर काचेचा पातळ पत्रा ठेवून त्यावर गुडघा टेकला तर काच वाचत नाही, कारण तिला खालून आधारच नसतो. एका मायक्रॉनच्या थराची वाळूच्या कणाखाली तीच गत होते.

थर दिल्यावर जुने ओरखडे नाहीसे झाल्यासारखे वाटतात, तो अनुभव खरा आहे. सीलंट बारीक चऱ्यांमध्ये भरून बसते आणि प्रकाश विखुरणे कमी होते. काही धुण्यांनंतर ते निघून जाते आणि चरे होते तिथेच दिसतात. चरे काढायचे असतील तर ते सीलंट लावण्याआधी पॉलिशने काढावे लागतात.

उन्हात थर भाजण्याची कल्पना कारखान्यातल्या भट्टीवरून आलेली दिसते. तिथे रंग साधारण १४० अंश सेल्सिअसला ठरावीक वेळ भाजतात. उन्हातल्या गाडीचा पत्रा हाताला पोळण्याइतका तापतो, पण भट्टीच्या जवळ जात नाही. होते ते इतकेच, की द्रावक सीलंट पसरण्याआधीच उडून जाते आणि जिथे फोम टेकला तिथेच पट्टे वाळून बसतात. सुरुवातीच्या काळात मी काळ्या टपावर दुपारी सीलंट लावले होते. फोम फिरवलेल्या प्रत्येक गोलाची कडा तिथे वाळून उमटली आणि ती काढण्यात पुढचा अख्खा दिवस गेला. तळहात पत्र्यावर टेकवून निवांत ठेवता येत नसेल, तर सीलंटची बाटली उघडू नये.

पाण्याच्या मोत्यांविषयी लोकांची ओढ मला समजते, कारण ते दृश्य खरोखरच देखणे असते. पण थेंब गोल होणे हे पृष्ठभागाच्या अगदी वरच्या पातळीवरच्या रेणूंवर ठरते. मेणयुक्त शाम्पूने धुतलेल्या, सीलंट नसलेल्या गाडीवरही मोती होतात. उलट चांगल्या सीलंटवर धूळ आणि धुराचा तेलकट थर बसला की मोती नाहीसे होतात आणि नीट धुतल्यावर परत येतात. म्हणून मोती गेले की थर गेला असेही नाही, आणि मोती आहेत तर थर आहे असेही नाही. त्यातही गोल थेंब वाहून न जाता पत्र्यावर बसून राहिला, तर वाळताना त्याच्यातले कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार एका कड्यात जमा होतात. जड पाण्याने धुऊन गाडी न पुसता सोडली की जे पांढरे वर्तुळाकार डाग पडतात, ते असे येतात.

पक्ष्यांची विष्ठा आणि ऊन यांच्यापासून रक्षण होते, असेही त्याच संदेशात एका ओळीत आहे. विष्ठेच्या बाबतीत सीलंट थोडी सवड देते. ती तापलेल्या रंगावर तासन्‌तास राहिली तर खाली खूण उमटतेच, म्हणून दिसताक्षणी भिजवून उचलावी. उन्हातल्या अतिनील किरणांचे काम क्लिअर कोटमध्ये मिसळलेली शोषक द्रव्ये करतात. किरण किती शोषले जातील ते थराच्या जाडीवरही अवलंबून असते, आणि एका मायक्रॉनहून पातळ थराकडून त्याची फारशी अपेक्षा करता येत नाही.

आता ज्या सल्ल्यामुळे हे लिहायला बसलो तो. ‘धुवू नका, कोरडे कापड फिरवा.’ रात्री एखाद्या गडद रंगाच्या गाडीशेजारी दिव्याखाली उभे राहा आणि दिव्याच्या प्रतिबिंबाभोवती पाहा. कोळ्याच्या जाळ्यासारखी जी बारीक वर्तुळे दिसतात, ती बहुतांशी धुण्यापुसण्याच्या चुकीच्या पद्धतीतून आलेली असतात. प्रत्येक कोरड्या पुसण्यात क्वार्ट्झचे शेकडो कण कापड आणि रंग यांच्यामध्ये दाबून फिरवले जातात. सीलंटचे दहा हात असोत वा एक, कण त्यातून आरपार जातो आणि क्लिअर कोटवर रेघ ओढतो. या रेघा काढण्यासाठी पॉलिश केले की क्लिअर कोट थोडा झिजतो, आणि तो परत वाढत नाही. गाडीची काळजी घ्यायची म्हणून मनापासून कापड मारणारा माणूस आपल्याच हाताने तिचा रंग झिजवत असतो, हे पाहून मला खरोखर वाईट वाटते. आधी भरपूर पाण्याने धूळ वाहवून टाकावी. मग दोन बादल्या घ्याव्यात, एक शाम्पूची आणि एक धुण्याचा हातमोजा खळबळण्याची, आणि टपापासून खाली येत धुवावे. शेवटी जाड मायक्रोफायबरने पाणी घासून न काढता टिपून घ्यावे.

दहा हातांना लागणारा वेळ हाताशी असेल, तर तो पूर्वतयारीला द्यावा. धुतलेल्या पत्र्यावर हातात पातळ प्लास्टिकची पिशवी घालून बोटे फिरवली, तर जो रंग उघड्या हाताला गुळगुळीत वाटत होता तो वाळूच्या कागदासारखा खरखरताना जाणवतो. ती खरखर क्ले बारने आणि भरपूर वंगणाने काढल्याशिवाय सीलंट रंगाला धरत नाही, ते त्या मळाला धरते. क्ले बारनंतर गरज असेल तिथे पॉलिश, मग अल्कोहोलने तेलाचा अंश पुसणे, आणि त्यानंतर पहिला हात. आधी मेण लावलेले असेल तर ते पूर्ण काढावे, कारण मेणावर सीलंट बसत नाही, सीलंटवर मेण मात्र चालते. अपघातानंतर गॅरेजमध्ये नव्याने रंगवलेला भाग असेल, तर त्याला भट्टीचे तापमान मिळालेले नसते आणि त्यातले द्रावक हळूहळू बाहेर पडत असते. तिथे किमान महिनाभर थांबून रंगवणाऱ्याला विचारूनच सीलंट लावावे.

चांगले पॉलिमर सीलंट साधारण चार ते सहा महिने टिकते. म्हणून एका दिवशी संपवायची ती बाटली वर्षभर पुरवावी. दर वेळी दोन पातळ हात द्यावेत, आणि चाकांमागचा दरवाजांचा खालचा पट्टा, जिथे चिखल आणि खडी सतत आदळते, तिथे मधल्या काळात आणखी एक हात द्यावा, कारण सीलंट सर्वांत आधी तिथलेच उडते.