मामांच्या माळ्यावरची रद्दी

२०२५च्या जूनमध्ये इटलीच्या प्राडा या फॅशन कंपनीने कोल्हापुरीसारख्या चपला मिलानच्या रॅम्पवर उतरवल्या. तेव्हापासून आमच्या घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एकच पालुपद चालू आहे: पेटंट घ्या. मामा तर मलाच धरतात, "अमेरिकेत बसून काय करतोयस? काढ की एक आपल्या नावावर!" चपलेला २०१९मध्येच जीआय, म्हणजे त्या भागाच्या नावाचं संरक्षण, मिळालाय, आणि पिढ्यान्‌पिढ्या पायात असलेल्या वस्तूचं पेटंट कुणालाच मिळायला नको, हे सांगून थकलो.

मिळतं मात्र. गोम तिथेच आहे.

मी राहतो ते प्लेनो टेक्सासच्या ज्या फेडरल कोर्टाच्या हद्दीत येतं, त्याच्याच मार्शल गावी एके काळी देशभरातले पेटंटचे खटले गोळा व्हायचे. स्वतः काही बनवायचं नाही, ढिसाळ पेटंट विकत घ्यायचं आणि दिसेल त्याला नोटीस धाडायची, असल्या कंपन्यांना इथे ट्रोल म्हणतात. लढण्यापेक्षा मिटवणं स्वस्त, यावर त्यांचं पोट. पॉडकास्टिंग आमचंच, म्हणणारी एक कंपनी निघाली, तेव्हा इंटरनेटवरच्या हक्कांसाठी भांडणाऱ्या इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशनने २०१३मध्ये वर्गणी काढली आणि ही कल्पना त्याआधीचीच असल्याचे जुने पुरावेही लोकांकडे मागितले. सीएनएन आणि कॅनडाच्या सीबीसीने हे आधीच केलेलं निघालं. २०१५मध्ये ते दावे रद्द झाले.

हळदीची गोष्ट आपल्याला पाठ आहे: जखमेवर हळद लावण्याचं १९९५चं अमेरिकन पेटंट, माशेलकरांची सरकारी संशोधन संस्था सीएसआयआर, १९९७चा विजय. पण तिथे आजीचा शब्द चालला नसता. परदेशातला नुसता वापर तेव्हाचा अमेरिकन कायदा धरतच नसे, छापील कागद लागे. १९५३च्या एका वैद्यकीय नियतकालिकातला लेख कामी आला.

म्हणून दिवाळीत मामांच्या कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या पॅटर्न शॉपचा, म्हणजे ओतकामाचे नमुने बनवायच्या कारखान्याचा, माळा बघून पोटात गोळा आला. सुतळीने बांधलेले गठ्ठे. वरच कुरतडलेल्या कोपऱ्यांची फेरोप्रिंट, म्हणजे ड्रॉइंगची नक्कल, पंपाच्या इम्पेलरची, आतल्या फिरत्या चाकाची. खाली शाईने १४-८-८७ आणि चहाच्या कपाचा गोल डाग. नुसतं ड्रॉइंग पुरत नाही, वस्तू बाजारात गेली होती हे दिसावं लागतं. पण शेजारच्या गठ्ठ्यात छापील कॅटलॉग होते, तारखेची चलनं होती!

आणि असे पुरावे घेऊन पेटंट अडवायचं दार आपल्याकडेच जास्त उघडं आहे. अमेरिकेत मंजूर पेटंटला आव्हान द्यायची नुसती सरकारी फी हजारो डॉलर. भारतात मंजुरीआधी कुणीही हरकत घेऊ शकतो. टीबीतून उठलेल्या मुंबईच्या नंदिता व्यंकटेशन यांनी दक्षिण आफ्रिकेतल्या एका सहकारी महिलेसोबत अशीच हरकत घेतली, आणि बेडाक्विलिन या टीबीच्या औषधावरची मक्तेदारी लांबवणारा जॉन्सन अँड जॉन्सनचा अर्ज २०२३मध्ये फेटाळला गेला. २०२४च्या नियमांनी या हरकतीवर फी आणि चाळणी बसवली. कंपन्यांचा वेळ वाचेल म्हणे. मला ते पटलेलं नाही. पण त्यावर आमच्या ग्रुपवर अवाक्षर नाही.

परवा मामांना फोन केला. म्हणाले, "कॅटलॉग तेवढे काढून ठेवल्यात बघ. बाकीचं गेलं. चौदा रुपये किलोनं घेतलं त्यानं."