घरच्या माणसांना कसली आचारसंहिता?

शनिवारी इथे जर्मनीत रिकाम्या बाटल्या परतीच्या मशीनमध्ये टाकत होतो, तेवढ्यात इंदूरहून दादाचा व्हॉइस मेसेज. रामबागेतल्या आमच्या गणेशोत्सव मंडळात काही मुलींनी कार्यकर्त्यांसाठी आचारसंहिता मांडली, तर एक काका उठून म्हणाले, "अरे भिया, आपण एक कुटुंब. घरच्या माणसांना कसले नियम?" टाळ्या पडल्या म्हणे. दादानेही वाजवल्याच असणार.

माझं डोकंच फिरलं. मसुदा जेमतेम अर्ध्या पानाचा. लेझमाच्या सरावानंतर मुलींना घरी कोण सोडणार, शिवीगाळ झाली तर कोणाला सांगायचं, हे काकांनाही चाललं असतं. खरी कळ तिसऱ्या कलमाची: ज्याच्याविरुद्ध तक्रार, तो निर्णयाच्या बैठकीत बसणार नाही. त्यावर म्हणे, फुकट राबणाऱ्याला कायदा कसला! अहो, कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात 'कर्मचारी' म्हणजे स्वेच्छेनं, बिनपगारी काम करणाराही.

इथे पोरांच्या हँडबॉलला मदत करायची म्हटलं, तर आधी फ्युरुंग्सझॉयग्निस, म्हणजे गुन्ह्यांची नोंद नसल्याचा सरकारी दाखला, आणून दाखवला. अपमान कसला त्यात? फराइनच्या, म्हणजे इथल्या मंडळाच्या, नोंदणीला सात माणसं आणि लेखी घटना लागते. कोणाला काढायचं तर आधी त्याची बाजू ऐकून घेतात. हे सगळं दादाला सुनावलं. तो म्हणाला, "तुमच्याकडे रविवारी भिंतीला ड्रिल मारता येत नाही, आणि तुम्ही आम्हाला कुटुंब शिकवणार?"

आता खरं सांगतो. इथल्या मराठी मंडळाची आचारसंहिता मीच लिहिलीय, दोन पानी, जर्मन भाषांतरासकट. गेल्या दिवाळीत एका नव्या मुलीनं चकलीचा सोऱ्या धुता धुता, माझ्याकडे न बघता, एका सभासदाबद्दल सांगितलं. तो इंदूरचाच. माझ्या पहिल्या हिवाळ्यात स्वतःची गादी मला देऊन जमिनीवर झोपलेला. दर सुट्टीत माझ्यासाठी जिरावन, पोह्यांवरचा इंदुरी मसाला, आणणारा. मंडळ सोडलं, तर त्याच्या घराबाहेर माझी मराठी फक्त फोनवर.

समिती बोलावली नाही. "मी बोलतो त्याच्याशी," म्हणालो. बोललोही, त्याच्याकडे पोहे खात. बराचसा वेळ इंदूरच्या सराफ्यातल्या तळलेल्या गराडूच्या आठवणींत गेला. ती मुलगी पुन्हा आली नाही.

दादाला हे माहीत नाही. त्यानं मसुदा पाठवलाय, 'तू तिकडचा अनुभवी, बघून दे.' तिसऱ्या कलमाखाली एक ओळ घातली: तक्रार घेणारा त्याचा मित्र असेल, तर त्यानंही बाहेर बसावं.

दादा विचारणार, हे कुठून सुचलं.