‘पीअर वर्करला मर्यादा कशाला?’ या मेसेजला उत्तर

व्यसनमुक्तीच्या ग्रुपांवर सध्या पीअर वर्करबद्दल, म्हणजे स्वतः व्यसनातून सावरून इतरांना सोबत करणाऱ्या कार्यकर्त्याबद्दल, एक मेसेज फिरतोय. मजकूर थोडक्यात असा: ‘जो स्वतः नरकातून परत आलाय त्याला नियम शिकवू नका. मर्यादा डॉक्टर-समुपदेशकांसाठी. खरा सोबती रात्री दोनलाही फोन उचलतो, अडचणीत पैसे देतो, घरच्यांपासून काही लपवत नाही आणि स्वतः जसा सुटला तसाच दुसऱ्यालाही सोडवतो.’ खाली हात जोडलेले इमोजी. लिहिणाऱ्याची तळमळ कळते. पण यातली बहुतेक वाक्यं कुणाच्या ना कुणाच्या अंगाशी येणारी आहेत.

‘मर्यादा डॉक्टरांसाठी.’ यातलं अर्धं खरं आहे, ते आधी मान्य करू. डॉक्टरांची नियमावली जशीच्या तशी पीअर वर्करवर लादली तर कामच बसतं. समुपदेशक स्वतःबद्दल सहसा बोलत नाही. पीअर वर्करचं भांडवलच त्याचा अनुभव. तो माणसाला बाकावर बसून भेटेल, सरकारी कचेरीत रांगेत सोबत उभा राहील. म्हणजे त्याच्या मर्यादा वेगळ्या आहेत. ‘वेगळ्या’चं ‘नकोतच’ कसं झालं, ते मेसेज सांगत नाही.

माझ्या मते गोंधळ स्पॉन्सर (व्यसनमुक्तीच्या गटात नव्या माणसाला साथ देणारा जुना सदस्य) आणि पगारी पीअर वर्कर यांच्यात झालाय. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस ही दारू सोडू पाहणाऱ्यांनी एकमेकांना साथ देण्याची चळवळ १९३५ची. तिच्या आठव्या ‘परंपरे’नुसार, म्हणजे तत्त्वानुसार, एका व्यसनीने दुसऱ्याला दिलेली साथ बिनपगारीच राहते. स्पॉन्सर पटला नाही तर बदलता येतो, त्याच्याकडे तुमची फाइल नसते. पगारी वर्कर नोंदी लिहितो. त्याच्या एका शब्दावर निवाऱ्यातली जागा टिकू शकते किंवा जाऊ शकते. अमेरिकेत जॉर्जिया राज्याने १९९९मध्ये मानसिक आरोग्यातल्या पीअर सेवेचा खर्च मेडिकेडमधून (गरिबांसाठीच्या सरकारी आरोग्य विम्यातून) द्यायला सुरुवात केली. पुढे २००७मध्ये तिथल्या केंद्र सरकारने सगळ्या राज्यांना पत्र पाठवून अशा सेवेसाठी अटी घातल्या: वर्करवर देखरेख हवी, त्याचं काम माणसाच्या एकूण उपचार-आराखड्याशी जोडलेलं हवं आणि त्याला प्रशिक्षण व प्रमाणपत्र हवं. हातात अधिकार आला की जबाबदारीही येणारच, मग तो अधिकार कितीही मित्रत्वाने वापरला तरी.

‘अडचणीत पैसे देतो.’ इथे जरा थांबतो, कारण हे वाक्य सगळ्यात भाबडं आणि सगळ्यात घातक आहे. समजा वर्करने खोलीच्या भाड्यासाठी उसने पैसे दिले. दोन आठवड्यांनी तो माणूस पुन्हा प्यायला. आता त्याने फोन कुणाला करायचा? ज्याचे पैसे बुडवलेत त्याला? मग तो माणूस फोन टाळतो, भेटीला येत नाही, रस्त्यात दिसला तर वळून जातो. नेमक्या ज्या दिवशी वर्करची गरज होती त्याच दिवशी त्यांच्यातलं देणं-घेणं आडवं येतं. उलट्या बाजूनेही तेच. वर्कर आता ‘कसा आहेस’ असं विचारतो तेव्हा समोरच्याला ‘पैसे कधी देतोस’ असं ऐकू येतं. भाड्याचा प्रश्न खरा असतो, तो सोडवायलाच हवा. त्यासाठी संस्थेचा निधी असेल तर अर्ज भरा, कुठली योजना असेल तर सोबत जा. स्वतःचा खिसा मात्र बाहेरच ठेवा. (प्रेमसंबंधांबद्दल मेसेज काही बोलत नाही, ते बरंय. तिथे चर्चेला जागाच नाही. ज्याला आपण सोबत करतोय त्याच्याशी नाही म्हणजे नाही.)

‘घरच्यांपासून काही लपवत नाही.’ बायको फोन करते, ‘खरं सांगा, पुन्हा सुरू केलीय ना त्याने?’ तिचा जीव टांगणीला लागलेला असतो आणि उत्तर द्यायचा मोह भयंकर असतो. तरी उत्तर असं हवं: ‘कोण येतं, कोण काय बोलतं, हे मी कुणालाच सांगत नाही. पण तुमच्यावर काय गुदरतंय ते सांगा, मी ऐकतो.’ अमेरिकेत तर व्यसनउपचारांच्या नोंदींसाठी १९७०च्या दशकापासून वेगळा कडक नियम आहे. एखादा माणूस उपचार घेतोय ही गोष्टसुद्धा तिथे सहसा त्याच्या लेखी संमतीशिवाय सांगता येत नाही. अपवाद असतात. जिवाला धोका, मुलांचा छळ अशा गोष्टी वर्कर पोटात ठेवू शकत नाही. मात्र कुठली गोष्ट गुप्त राहणार नाही, हे पहिल्याच भेटीत सांगायचं असतं, ऐनवेळी नव्हे.

‘स्वतः जसा सुटला तसाच दुसऱ्याला सोडवतो.’ हे वाचून मला खरोखर धडकी भरली. एखादा कुठलंही औषध न घेता घरी बसून सुटला असेल, त्याचं कौतुकच आहे. पण रोज भरपूर पिणाऱ्याने अचानक दारू बंद केली तर फिट येऊ शकते. दोन-तीन दिवसांनी भ्रम, थरथर, ताप सुरू होऊन जीवही जाऊ शकतो. अफूजन्य पदार्थांच्या व्यसनावर मेथाडोन किंवा ब्युप्रेनॉर्फिन चालू असलेल्याला ‘ही गोळीही नशाच, सोड’ असा सल्ला देणं तर त्याहून वाईट. औषध सुटतं, शरीराची सवय मोडते, आणि घसरल्यावर घेतलेला पूर्वीइतकाच डोस झेपत नाही. ओव्हरडोसचे मृत्यू असेही होतात. स्वतःचा रस्ता जरूर सांगावा, पण तो ‘एक रस्ता’ म्हणून. औषधाचा निर्णय तो माणूस आणि डॉक्टर यांच्यातला. तोच नियम जुन्या किश्शांना. माल कुठून आणायचो, पहिल्या घोटाला कसं वाटायचं, हे रंगवून सांगितलं की समोरच्याची तलफ जागी होते. किस्सा त्याच्या कामाचा आहे की आपलं मन मोकळं करायला सांगतोय, एवढं स्वतःला विचारलं तरी पुष्कळ किस्से गिळले जातील.

राहिला रात्री दोनचा फोन. फोन उचलणारा एकच माणूस असेल आणि त्या रात्री तो आजारी पडला, तर पलीकडच्याने काय करायचं? म्हणून फोनच्या वेळा आधीच ठरवतात. वेळेबाहेर कुणाला गाठायचं, तातडीच्या मदतीचा नंबर कोणता, हे कागदावर लिहून त्याच्या खिशात देतात. शिवाय वर्करही व्यसनातून सावरणारा माणूसच आहे. महिनोन्‌महिने झोपमोड आणि रोज दुसऱ्यांची तलफ ऐकणं, यात तोही घसरू शकतो. चोवीस तासांचा हिरो म्हणून ओळख झाली असेल तर तो ते लपवेल आणि तसाच लोकांना भेटत राहील. वर्कर घसरला तर त्याने कुणाला सांगायचं, त्याची माणसं कोण सांभाळणार, तो कामावर केव्हा परत येणार, हे संस्थेने त्याला नेमणुकीच्या दिवशीच लेखी द्यायला हवं.